पतीने सांगितल्याप्रमाणे

६ मार्च २०२३

आज होळी. खाली सोसायटीच्या आवारात गोवऱ्या रचताहेत, पोरांचा गोंधळ वरपर्यंत येतोय. मी तिसऱ्या मजल्यावर, उजवा पाय दोन उशांवर. सव्वीस दिवस झाले.

ही डायरी ईराच्या कंपनीची. पोरीला हिंजवडीत नोकरी लागल्यापासून घरात पेन, बाटल्या, डायऱ्या यांना तोटा नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी इंग्रजीत एक सुविचार छापलाय. आजचा पडण्या-उठण्याबद्दल आहे. छापणाऱ्याला माझा एक्स-रे पाठवावा म्हणते.

विसरायच्या आत लिहून ठेवते. ८ फेब्रुवारी, सकाळी साडेसातच्या पुढे. धानोरीच्या मैदानावर दोन शिकाऊ बायकांचा स्कूटरचा तास संपवून एकटी माझ्या गाडीवरून घरी निघाले होते. आळंदी रोडला आले, सरळ माझ्या रांगेत. डावीकडच्या गल्लीतून पाण्याच्या जारचा टेम्पो न थांबता बाहेर आला. बंपरला लिंबू-मिरची बांधलेली होती, ती अजून दिसते. त्यानंतर एकदम वॉर्डातला पंखा. मधलं काही नाही.

गुडघ्याखालचं हाड सांध्यापाशी फुटलं. प्लेट, सात स्क्रू.

टेम्पोवाला गजानन. पळून गेला नाही हे खरं. रिक्षात घातलं, माझ्या फोनवरून शरदला कळवलं, हॉस्पिटलात आगाऊ भरायचे ते पैसे मालकाकडून आणून भरले. रोज नारळपाणी. तो दर्यापूरचा, आमचे हे शेजारच्याच तालुक्यातले, अंजनगावचे. शरदला पुण्यात येऊन चोवीस वर्षं झाली, पण कुणी समोर येऊन "मी बी तिकडचाच हावो जी" म्हटलं की नवरा विरघळतो. पोलिसात गेलो नाही. शरदचं म्हणणं, "गरीब माणूस आहे. सगळं करतो म्हणतोय."

पाच दिवसांपासून त्याचा फोन बंद आहे.

९ मार्च

ईरा रजा टाकून चौकीवर गेली. बापाला हाताला धरून नेलं म्हणे. संध्याकाळी हवालदार घरी जबाब घ्यायला आले. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, मग विचारलं, "एक महिना काय करत होतात?"

मी म्हटलं, "झोपून होते."

त्यांना ते उद्धट वाटलं असावं. लिहिलं मात्र व्यवस्थित. टेम्पोचा नंबर ईराने शोधून ठेवलेला होता. शरद सगळा वेळ गॅलरीत उभा.

२ एप्रिल

वॉकर. बेडपासून संडासापर्यंत एकोणीस पावलं. गुडघा वाकत नाही. फिजिओवाली मुलगी गोड आहे आणि निर्दय आहे.

रेखाताईंचा फोन. वय बावन्न, आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. नऊ तास झाले होते त्यांचे, वळणापर्यंत आल्या होत्या. "मॅडम, कधी सुरू करायचं?" म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, "मी दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही." फोन ठेवला आणि रडले. आधी वाटलं होतं की दुखतंय म्हणून रडू येतंय, तसं नव्हतं.

माझं काम म्हणजे धावणं. बाई गाडीवर, मी मागचं कॅरिअर धरून मागे. तिला वाटतं मी धरलंय, म्हणून ती जाते. मग मी सोडते आणि तरी धावत राहते, कारण पावलांचा आवाज थांबला की ती घाबरून पाय खाली टाकते. आता धावणार कोण?

१७ एप्रिल

वकील. नाव शिंत्रे. ईराच्या मैत्रिणीच्या वडिलांच्या ओळखीतले. कोर्टासमोरची गल्ली, पहिला मजला, लिफ्ट नाही. अपघाताचे दावे हीच यांची खासियत आणि जिना असा. चोवीस पायऱ्या बसून, एकेक करत, उलटी चढले. वर पोचल्यावर म्हणाले, "सगळेच तक्रार करतात जिन्याची." म्हणजे त्यांना माहीत आहे.

सत्तरीचे असावेत. समोरच्याकडे न बघता बोलतात.

"आपण काय करता?"

"बायकांना टू-व्हीलर शिकवते. अकरा वर्षं."

"ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना?"

"नाही. मैदानावर शिकवते."

"मग काही करत नाही." आणि कागदावर लिहिलं: गृहिणी.

सहा महिन्यांच्या आत दावा लागला पाहिजे, उशीर झाला तर आणखी एक भांडण. तक्रार, पंचनामा, टेम्पोच्या विम्याचा कागद, डिस्चार्ज कार्ड, सगळं हवं. शरदने पिशवीतून एकेक काढून दिलं. डिस्चार्ज कार्डावर नुसतं हाड आणि प्लेट. "पोलिसात एवढा उशीर का?" असं शिंत्र्यांनी विचारलं. शरद म्हणाला, "तो माणूस चांगला वाटला." शिंत्रे पहिल्यांदा वर बघून म्हणाले, "चांगली माणसं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण."

१२ जून

दावा दाखल. सही करताना वाचलं: अर्जदार, वय ४६, व्यवसाय गृहिणी. ईरा म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी." मला नाही वाटत.

४ सप्टेंबर

तारीख. टेम्पोमालक गैरहजर. पुढची तारीख.

काठीवर आलेय. सोसायटीतल्या कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "अरे वा, धावायला लागाल आता." बरं.

६ नोव्हेंबर

तारीख. विमा कंपनीचं लेखी म्हणणं यायचंय. पुढची.

गुडघा सत्तर अंशांवर अडकलाय. डॉक्टर म्हणतात पुन्हा ऑपरेशन करून आतलं चिकटलेलं सोडवावं लागेल, नाहीतर आहे ते असंच राहील. ते ऑपरेशन या दाव्यावर अवलंबून आहे, कारण पहिल्यालाच शरदचा पीएफ गेला. इतकी साधी गोष्ट आहे. कोर्टातल्या कुणाला ती घाई वाटत नाही.

१८ जानेवारी २०२४

विमा कंपनीचं म्हणणं आलं. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर शिंत्र्यांनी मला वाचून दाखवलं, नेहमीच्या सुरात, जणू किराणा मालाची यादी. अपघात झालाच नाही. टेम्पोचा संबंध नाही. अर्जदार स्वतः गाडीवरून घसरून पडली आणि महिनाभराने टेम्पो गोवला. पुरावा म्हणून हॉस्पिटलचा आतला केस पेपर. दाखल करतानाची पहिलीच ओळ. इंग्रजीत आहे. शिंत्र्यांनी मराठी केलं: पतीने सांगितल्याप्रमाणे, गाडी घसरून पडली.

"हे आपल्याला माहीत होतं?"

"नाही."

"यजमानांना?"

शरद कामावर होता. मी म्हटलं विचारते.

रिक्षात सगळा रस्ता एकच ओळ डोक्यात. घसरून पडली. मी. साडेतीनशे का चारशे बायकांना उभं केलं रस्त्यावर, त्यातली एक नाही अजून घसरली, आणि मी घसरले. नवऱ्याच्या तोंडाने.

१९ जानेवारी

काल विचारलं. चहा पिऊन होईपर्यंत थांबले, मग ती झेरॉक्स समोर ठेवली.

त्याने वाचली. घडी घातली. "हो, मीच सांगितलं."

"का?"

"टेम्पोचं नाव घेतलं असतं तर पोलीस आले असते. त्या काऊंटरवरच्या बाईनं सांगितलं, पोलीस केस असेल तर आधी मोठ्या दवाखान्यात न्या. तुझा पाय तसा लटकत होता. आणि तो... तो पाया पडत होता माझ्या. लायसन जाईल म्हणत होता. लेकरं हायेत म्हणत होता."

मी ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही. ईरा मध्ये पडली, तीसुद्धा बापालाच बोलली. तो भिंतीकडे बघत बसला.

शेवटी मीच दमले. मीच त्याच्या वतीने बोलायला लागले. म्हटलं, मी बेशुद्ध होते, तुम्हाला खरं सांगणार कोण? जो समोर होता तो म्हणाला गाडी घसरली, तुम्ही तेच धरून चाललात. असंच झालं ना?

त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग उठला. आत जाऊन कुकर लावला.

माणूस घाबरतो. घाबरल्यावर कुणीही कुणाचंही ऐकतं. मी असं स्वतःला समजावतेय.

२५ जानेवारी

शिंत्र्यांकडे दोघं. तेच पुन्हा सांगितलं, मीच: मी बेशुद्ध, यांना काही कल्पना नाही, टेम्पोवाल्याने कानात घातलं तेच यांनी डॉक्टरला सांगितलं. शिंत्रे म्हणाले, "हे चालण्यासारखं आहे." मग शरदकडे वळून, "असंच आहे ना?"

शरदने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

जिना उतरताना त्याने माझा दंड धरला होता. इतका घट्ट की दुखला.

११ मार्च

अपंगत्वाचा दाखला काढायला सरकारी दवाखान्यात. चार तास रांग. डॉक्टरने कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं काहीतरी गुडघ्याला लावलं, वाकवायला सांगितलं, पुन्हा वाकवायला सांगितलं, आणि आकडा लिहिला. एकतीस टक्के. मागच्या खुर्चीवरचे आजोबा म्हणाले, "नशीबवान आहात ताई, मला बावीसच दिले." ते हसतील म्हणून वाट पाहिली. हसले नाहीत.

३ जून

आज गजानन दिसला.

बँकेतून येत होते, आळंदी रोडवरच. तोच टेम्पो, तेच निळे जार. सिग्नलला माझ्या रिक्षाच्या शेजारी येऊन उभा. त्याने ओळखलं. मला वाटलं तोंड फिरवेल. त्याने दोन्ही हात जोडले, स्टिअरिंगवरच, आणि म्हणाला, "नमस्कार वहिनी. बरं हाय ना आता?"

आणि मी, मी काय केलं? मान हलवली. हो म्हणून. बरं आहे म्हणून.

सिग्नल सुटला. घरी येऊन शरदला सांगितलं नाही. काय सांगायचं, तुमचा माणूस विचारत होता म्हणून?

१९ ऑगस्ट

ईराला बंगलोरची नोकरी मिळतेय. जाऊ का विचारत होती. म्हणजे जायचंय. म्हटलं जा. ती गेल्यावर या घरात आम्ही दोघं आणि हा दावा राहू.

२३ सप्टेंबर

माझी साक्ष झाली.

विमा कंपनीची वकील तरुण, ईराहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. गोड बोलते. "ताई, बसून सांगितलंत तरी चालेल." बसले. मग एकेक.

"परवान्याशिवाय शिकवत होतात?" हो. "धडक बसल्यानंतरचं काही आठवत नाही?" नाही. "हॉस्पिटलात कसं नेलं, कोण काय बोललं, काहीच नाही?" नाही. "मग हेही खरं की गाडी कशामुळे पडली हे तुम्ही सांगू शकत नाही?" म्हटलं, टेम्पो पाहिला मी. "पडण्यापूर्वी पाहिला. पडताना?"

इथे मी अडकले. एक क्षणच, पण न्यायाधीश मॅडमनी तो क्षण पाहिला.

कोर्टात लिहून घेण्याची एक तऱ्हा आहे. ती वकील म्हणते, तुम्ही स्वतःच घसरलात. मी म्हणते, नाही. टायपिस्ट लिहितो: हे म्हणणे खरे नाही की मी स्वतः घसरून पडले. शेवटी सही करायच्या आधी वाचलं तर तीन पानं अशीच. हे म्हणणे खरे नाही की माझा ताबा सुटला. हे म्हणणे खरे नाही की मी वेगात होते. हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे. खरं काय ते एका ओळीत आहे, बाकी सगळं काय खरं नाही तेच.

बाहेर शिंत्रे म्हणाले, "फार वाईट नाही झालं." त्यांच्याकडून ही शाबासकी असावी.

१४ डिसेंबर

लोकअदालत. मांडव, पंखे, टेबलांच्या रांगा, लग्नाच्या हॉलसारखं सगळं. विमा कंपनीचा साहेब, समोर आम्ही. त्यांनी एक आकडा सांगितला. लिहीत नाही इथे, लाज वाटते. ऑपरेशन जेमतेम भागेल, पुढचं काही नाही.

शिंत्रे मला बाजूला घेऊन म्हणाले, "घ्यायचं तर आज घ्या. नाहीतर केस पेपर खोटा पाडायला यजमानांना पिंजऱ्यात उभं करावं लागेल, आणि ते किती टिकतील याची मला खात्री नाही."

शरद लगेच, "घेऊन टाकू. पाय तरी नीट होईल."

"आणि ती ओळ?"

"कोणती ओळ?"

"मी घसरल्याची."

शिंत्र्यांनी सांगितलं, तडजोडीत कोण घसरलं, कुणी धडक दिली याचा निर्णय होत नाही. ओळ जिथे आहे तिथेच राहील.

मी नाही म्हटलं. साहेबाने फाईल बंद करून पुढच्याला बोलावलं. एवढंच.

१५ डिसेंबर

घरात बोलणं बंद. सकाळी तो म्हणाला होता, "तुला पायापेक्षा ती ओळ मोठी झाली."

मी म्हटलं, "तुम्हीच लिहिलीत ना? मग पुसा."

वेडेपणा केला का मी? गुडघा वाकत नाही हे रोज आहे. जिना रोज आहे. भारतीय बैठक असली तर मी पाहुण्यांकडेही जात नाही. आणि मी एका ओळीसाठी ऑपरेशन सोडून आले. पण काल त्या मांडवात माझ्यापुढे कागद सरकवला तेव्हा वाटलं, सही केली तर मीही तेच सांगितल्यासारखं होईल. मग आम्ही दोघांनीही सांगितलं असं होईल.

रेखाताईंनी दुसरीकडे शिकून घेतलं. गाडी घेतली. फोटो पाठवलाय, हेल्मेट उलटं.

१० फेब्रुवारी २०२५

शरदचं प्रतिज्ञापत्र शिंत्र्यांनी तयार केलं. अर्जदार बेशुद्ध होती, टेम्पोचालकाने सांगितलेली खोटी हकिकत मी विश्वासाने डॉक्टरांना सांगितली, मला खरा प्रकार नंतर कळला. शिंत्रे वाचून दाखवत होते, शरद मान खाली घालून. सही करताना पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

शिंत्रे म्हणाले, "विचारतील तेवढंच बोला. आपल्याकडे लोकांना कोर्टात मन मोकळं करायची फार हौस असते."

२१ एप्रिल

तारीख. मॅडम रजेवर. शरदने कामावर खाडा केला, नवा शर्ट घातला होता. परत येताना म्हणाला, "पुढच्या वेळेलाही हाच घालीन." मला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी. म्हटलं, हो, शर्टाला तरी सवय होऊ दे.

तो फार घाबरलाय. आंघोळ करताना स्वतःशी उत्तरं म्हणतो, मला ऐकू येतं. हो. नाही. मला नंतर कळलं. मला नंतर कळलं.

वाईट वाटतं त्याचं. चांगुलपणाच केला बिचाऱ्याने, चुकीच्या माणसावर. इतकी वर्षं झाली, त्याच्या या स्वभावावर मी चिडलेय आणि त्यावरच जगलेयही. माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात तिचं सगळं यानेच केलं होतं.

२४ जून

झालं. नीट लिहिता येईल का माहीत नाही. क्रमाने लिहिते.

अकराला पुकारा. मी मागच्या बाकावर. शरद पिंजऱ्यात, तोच शर्ट. शपथ घेतली. सुरुवातीला सगळं ठरल्यासारखं. अर्जदार बेशुद्ध होती का, हो. टेम्पोचालक तुमच्या भागातला का, हो. त्याने हॉस्पिटलात पैसे भरले का, हो. विमा कंपनीची ती वकील मुलगी शांतपणे विचारत होती, तो शांतपणे सांगत होता, आणि मला वाटलं, निभावलं.

मग ती म्हणाली, "अर्जदारांना गाडी चालवण्याचं कुठलंही अधिकृत प्रशिक्षण नव्हतं. परवाना नसताना त्या दुसऱ्यांना शिकवत होत्या. त्या दिवशी त्यांचा स्वतःचाच गाडीवरचा ताबा सुटला आणि त्या पडल्या, असं मी सुचवते."

इथे फक्त नाही म्हणायचं होतं. टायपिस्टने तर लिहायला सुरुवातही केली होती, हे म्हणणे खरे नाही की.

शरद म्हणाला, "तिचा ताबा सुटत नाही."

"प्रश्नाचं उत्तर द्या."

"तिले गाडी येत नाही असं म्हणू नका, मॅडम. ते घसरली नाही. तिनं सांगितलं होतं मले. टेम्पोनं मारलं म्हणून. दोनदा सांगितलं."

शिंत्र्यांचं पेन थांबलं.

ती मुलगी हुशार. आवाज जराही चढवला नाही. "कधी सांगितलं?"

"दवाखान्यात. स्ट्रेचरवर होती तेव्हा."

"म्हणजे अर्जदार शुद्धीवर होत्या."

"होती."

"मग प्रतिज्ञापत्रात बेशुद्ध होत्या असं लिहिलंय, ते खोटं?"

"हो."

"आणि डॉक्टरांना सांगितलंत तेही खोटं."

"हो."

"आणि आज सांगताय ते खरं." ती हसली नाही, पण मागचे दोघं हसले.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांनी स्वतः विचारलं, "तुमच्या बायकोने तुम्हाला दोनदा सांगितलं टेम्पोने मारलं. तरी तुम्ही डॉक्टरांना घसरली म्हणून सांगितलंत. का?"

शरद माझ्याकडे वळला. कोर्टाकडे बोलायचं असतं हे त्याला शिंत्र्यांनी दहादा सांगितलं होतं. तो माझ्याकडेच बघून म्हणाला, "तो पाया पडत होता जी. तिचा पाय बरा होईल, डॉक्टर म्हणत होते, दोन महिन्यांत. त्याची नोकरी गेली तर परत नसती आली. आणि तो परका होता. हे घरची. घरचं माणूस समजून घेते."

टायपिस्टने विचारलं, "काय घेऊ मॅडम?"

मॅडमनी सांगितलं: साक्षीदार पुढे सांगतो की, अर्जदाराने दवाखान्यात मला टेम्पोने धडक दिल्याचे दोन वेळा सांगितले होते. टेम्पोचालकाची नोकरी जाईल म्हणून मी डॉक्टरांना खोटी माहिती दिली. मग जरा थांबून, "बाकीचं राहू द्या."

म्हणजे घरच्या माणसाचं वाक्य कागदावर आलं नाही. ते मी इथे लिहून ठेवलंय.

बाहेर शिंत्रे. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होते. म्हणाले, "एक प्रकारे फायद्याचं आहे. अपघातानंतर लगेच दिलेली माहिती, तीही दोनदा, त्याला वजन असतं. पण प्रतिज्ञापत्रावर खोटं ठरलेला साक्षीदार आहे, त्याचं आता काय काय धरायचं हे मॅडमच्या हातात." आणि खालच्या आवाजात, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

त्यांनी विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

एकाच रिक्षातून घरी आलो. काठी आमच्या मध्ये.

२५ जून

आठवायचा प्रयत्न करतेय. स्ट्रेचर. पत्र्याचा आवाज. शरदचा चेहरा वरून. आठवत नाही. मी बोलले होते, आणि मला तो आवाज माझा म्हणून कुठे सापडत नाही.

दोनदा म्हणजे, एकदा सांगितल्यावर त्याने ऐकलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं असणार. एवढं तर मी स्वतःला ओळखते.

ईराला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "आई, यू वॉन्ट मी टू कम?" म्हटलं नको. ती म्हणाली, "बाबा कुठे आहेत?" म्हटलं, भाजी आणायला गेलेत. खरंच गेला होता.

२७ जून

शिंत्र्यांचा फोन आला. शेवटच्या युक्तिवादासाठी पुढच्या महिन्यातली तारीख. "निकालाचं मी काही सांगत नाही. आशाही देत नाही, घाबरवतही नाही." बरं म्हटलं.

दुपारी मी गुडघ्याचे व्यायाम करत होते. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली, दाबायचं, दहा मोजायचे. शरद दाराशी येऊन उभा राहिला. तीन दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलला.

"तुला खरंच आठवत नाही?"

"नाही."

"म्हणजे त्या दिवशी, तो कागद आणलास तेव्हा... बेशुद्ध होते म्हणालीस, ते..."

"मला तसंच वाटत होतं."

तो दाराला टेकला. "मला वाटलं, तुला सगळं माहीत आहे. मला वाटलं, तू मला सांभाळून घेतेयस."

दीड वर्ष. शिंत्र्यांच्या जिन्यावर, लोकअदालतीत, जेवताना, समोरासमोर बसून हा माणूस मनातल्या मनात माझे आभार मानत होता. माफ केलंय असं धरून चालला होता. आणि मी रोज याची कीव करत होते, कारण याला खरं काय ते माहीतच नव्हतं असं मी धरून चालले होते.

दहा मोजून झाले होते. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"आता माहीत झालं," तो म्हणाला. "आता काय?"

मी टॉवेल सरकवून डायरी घेतली. तो अजून दाराशीच उभा आहे. मी लिहितेय ते त्याला दिसतंय.